एक वर्षाचं एमएस्सी चालू आहे, यंदा मेडिकलची नीट द्यावी की आधी एमएस्सी संपवू?

खानापूरची_मी

नमस्कार सगळ्यांना, थोडं लांबण लावतेय, सांभाळून घ्या. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, आठवी ते दहावी खानापुरात, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी सायन्स बेळगावात. माझी पीयूसी २०२१ ची, म्हणजे ती कोरोनाची बॅच, परीक्षाच झाली नाही, एसएसएलसी (दहावी) आणि फर्स्ट पीयूसीचे मार्क धरून सगळ्यांना पास केलं होतं. त्याच सप्टेंबरात नीट दिली, ७२० पैकी २८७ आले. फिजिक्समधे काय झालं ते विचारू नका. रिपीट करायचं होतं पण बाबा म्हणाले क्लासची आणि हॉस्टेलची फी कुठून काढायची, धाकटा पण शाळेत होता, मग गप बीएस्सीला बसले.

आमची एनईपीची (नव्या शिक्षण धोरणाची) पहिली बॅच, म्हणून चौथं वर्ष ऑनर्स पण केलं आणि त्यामुळे एमएस्सी झूलॉजी एकाच वर्षाचं मिळालं, ते आता कोल्हापुरात चालू आहे. मार्क चांगले आहेत, सर म्हणतात नेट-सेट कर. पण खरं सांगू का, लॅबमधे स्लाइडखाली टिश्यू बघताना दर वेळी तेच मनात येतं की हे मी दुसऱ्याच कुठल्यातरी बिल्डिंगमधे बघायला पाहिजे होतं.

तर विचारायचं असं की यंदाच एमएस्सी करता करता नीट द्यावी, का हे संपवून पुढचं वर्ष पूर्ण त्याच्यासाठी द्यावं? एमएस्सीचं मेडिकलच्या अॅडमिशनला काही वेटेज मिळतं काय? परीक्षा न देता मिळालेली पीयूसी चालते ना? वय २२ झालंय. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे हे एक वर्ष कोल्हापुरात शिकले म्हणून माझा कर्नाटकचा कोटा जातो काय? वर्गातली एक जण म्हणाली आता तू महाराष्ट्राची झालीस, तेव्हापासून झोप नाही.

अनगोळचा_इंटर्न

ताई आधी झोप. एक वर्ष कोल्हापुरात राहून कोण महाराष्ट्राचं होत नाही, तसं होत असतं तर आपल्या आजोबांनी एवढे मोर्चे कशाला काढले असते 😀

मी पण बीएस्सी करूनच एमबीबीएसला आलो, सध्या इंटर्नशिप चालू आहे, नाइट ड्युटीत लिहितोय म्हणून तुटक वाटेल. एकेक घे. वेटेज शून्य. बीएस्सी असो, एमएस्सी असो, पीएचडी असो, एमबीबीएसला फक्त नीटची रँक बघतात आणि त्याच्या खाली बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश घेऊन पास आहेस की नाही एवढंच, पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के आणि आरक्षितांना ४०. २०२१ ची पीयूसी पूर्ण चालते, माझ्या ज्युनिअरमधे अर्धी पोरं त्याच बॅचची आहेत. वयाची वरची अट २०२२ मधेच काढली, कितीदा द्यायची यालाही मर्यादा नाही. माझ्या वर्गात एक बँकेतली नोकरी सोडून आलेले होते, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, तू २२ ची म्हणजे आमच्यात बाळ.

आता खरी गोष्ट. तुला वाटत असेल मी झूलॉजीत एमएस्सी, बायो माझं पक्कं. मला पण तेच वाटायचं आणि पहिल्या मॉकला (सराव पेपरला) बायोनेच आपटलो. आपण डिग्रीत चार पुस्तकं वाचून, अपवाद माहीत करून घेऊन, 'असंही असू शकतं' असा विचार करायला शिकतो. नीटला एनसीईआरटीच्या पुस्तकातली एक ओळ असते, ती जशीच्या तशी आली की टिक करायचं आणि पुढं जायचं. मी ऑप्शन बी मधे एक्सेप्शन शोधत बसायचो आणि बाजूची बारावीची पोरगी तेवढ्यात तीन प्रश्न उडवून मोकळी. जास्त शिकलेला माणूस इथं हळू होतो. ९० प्रश्न बायोचे पन्नास मिनिटांच्या आत संपले पाहिजेत, नाहीतर फिजिक्सला वेळच उरत नाही.

आणि २०२१ ची पुस्तकं काढून बसली असशील तर थांब, २०२४ पासून सिलॅबस कापलाय. केमिस्ट्रीतलं हायड्रोजन, एस ब्लॉक, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स गेलं. बायोत डायजेशन अँड अॅबसॉर्प्शन गेलं, म्हणजे बघ, डॉक्टर व्हायला निघालेल्याला पोट सोडून सगळं विचारणार. पॅटर्न पण बदलला, मधे काही वर्षं सेक्शन बी मधे चॉइस असायचा तो २०२५ पासून बंद. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४, चुकीला वजा १.

यंदा का पुढल्या वर्षी, ते मी सांगत नाही. २०२५ चा पेपर काढ, एका रविवारी दुपारी २ ते ५ मोबाइल बाहेर ठेवून सोडव आणि मार्क इथे टाक. मग बोलू.

निवृत्त_हेडमास्तर

चि. मुलीस आशीर्वाद. मी चिकोडी-निपाणी भागात छत्तीस वर्षे शाळेत काढली, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर म्हणून, त्यामुळे अभ्यासाचे वरच्या दादांनी सांगितले ते ऐक आणि कागदांचे माझे ऐक.

कर्नाटकच्या कोट्यासाठी केईए (तिथले प्रवेश बघणारी सरकारी संस्था) जे बघते ते पहिली ते सेकंड पीयूसी एवढेच. या बारा वर्षांतली किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेली असावीत आणि एसएसएलसी किंवा सेकंड पीयूसी कर्नाटकातून पास असावी. तुझी तर बाराही वर्षे इथलीच आहेत. त्यानंतर तू कोल्हापूरला शीक नाहीतर काशीला, त्या हिशोबात ते येत नाही. त्या वर्गमैत्रिणीला नमस्कार सांग.

पण हे सिद्ध कशाने होते, तर स्टडी सर्टिफिकेटने. प्रत्येक शाळेचे वेगळे, हेडमास्तरची सही, त्यावर बीईओची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची) काउंटर सही. मुले काय करतात, निकाल लागल्यावर जूनमध्ये धावतात. जूनमध्ये शाळा सुरू होतात, बीईओ ऑफिसात मीटिंगा, बदल्यांची गडबड, साहेब बेळगावला गेलेत, उद्या या. मी स्वतः माझ्या भाचीचे घेऊन चार हेलपाटे घातले आहेत, तेही एक हेडमास्तर असून. एका ठिकाणी क्लार्कने जन्मगाव कन्नडमधून लिहिताना असे काही लिहिले की ते गाव नकाशात नाही. म्हणून आत्ता, सुगी संपून शाळा निवांत असतात तेव्हा जा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव एसएसएलसी मार्क्स कार्डावर जसे इंग्रजीत आहे अक्षरन् अक्षर तसे लिहून घे. आपल्याकडे मराठी शाळेत एक, कन्नड ऑफिसात दुसरे आणि इंग्रजी कार्डावर तिसरे असे आडनाव होते, हे आपल्या भागाचे जुनेच दुखणे आहे.

आणखी एक. ग्रामीण कोटा १५ टक्के असतो पण त्याला पहिली ते दहावी सगळी वर्षे ग्रामीण भागातच लागतात. तू आठवीपासून खानापुरात म्हणतेस, खानापूर पट्टण पंचायत, म्हणजे शहरी भाग, म्हणून तो कोटा तुला लागत नाही. उगीच कोणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर दारातूनच परत पाठव, व्हेरिफिकेशनला अडकले की सीट जाते वर बदनामी. कन्नड माध्यमाचा ५ टक्के आपल्या मराठी शाळेवाल्यांना नाहीच. जातीचे प्रमाणपत्र मात्र बघ, मराठा असशील तर कर्नाटकात ३बी या मागासवर्गात येतेस, नाडकचेरीतून (महसूल कचेरीतून) ताजे काढून ठेव.

सीमावासी_८६५

हेडमास्तर काका सगळं बरोबर बोलले पण एक राहिलं. महाराष्ट्राच्या मेडिकल अॅडमिशनमधे एमकेबी म्हणून एक कॅटेगरी असते, महाराष्ट्र कर्नाटक वादग्रस्त सीमाभाग. ती ८६५ गावं, ज्याच्यावरनं २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, त्यातल्या मराठी मातृभाषेच्या पोरांसाठी. जागा सगळ्या राज्यात मिळून मोजक्याच, पण अर्ज करणारे पण मोजकेच, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. गाव यादीत असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठीचा दाखला लागतो. त्या वर्षीचं महाराष्ट्र सीईटी सेलचं ब्रोशर येतं ते नीट वाच, मागच्या वर्षीच्यावर जाऊ नको.

महाराष्ट्राचा साधा कोटा तुला मिळणार नाही, त्याला दहावी बारावी तिकडची लागते, एमएस्सी तिकडची असून उपयोग नाही. पण केईए आणि एमकेबी दोन्हीकडे फॉर्म भरायला कोण अडवत नाही, सीट शेवटी एकच घ्यायची. आपण दोन राज्यांच्या मधे लटकलोय म्हणून सगळे रडतात, निदान फॉर्म तरी दोन भरा 😄

निवृत्त_हेडमास्तर

बरोबर, हे माझ्याकडून राहिले. याचाच आरसा कर्नाटकातही आहे. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड मुलांना केईए 'गडिनाडू' (सीमाभागातले) म्हणून घेते. तिकडचे इकडे, इकडचे तिकडे.

टिळकवाडी_काकू

मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नकोस गो. आमच्या घरात हे झालंय. माझ्या नणंदेच्या मुलाने बीएस्सी सोडून एक नाही तीन वर्षं नीटला दिली. पहिल्या वर्षी डिग्री अर्धवट सोडून बसला, त्याला म्हणे फोकस पाहिजे होता. ४१०, मग ४६०, मग ४३५. आज हातात ना डिग्री ना सीट. मुलगा हुशार होता, आहे. पण बारा-बारा तास एका खोलीत, मित्र सगळे नोकरीला लागलेले, जेवायला पण खाली यायचा नाही. त्याच्या आईचं बीपी तेव्हापासूनचं.

म्हणून तू काय वाटेल ते कर, पण ते एमएस्सी सोडू नकोस. हिशोब साधा आहे, परीक्षा मे महिन्यात पहिल्या रविवारच्या आसपास असते, काउन्सेलिंग जुलैनंतर कुठेतरी सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतं. तोवर तुझं एमएस्सी संपून हातात येतंय. म्हणजे यंदा नीट देऊन बघायला जातंय काय? फॉर्मची फी. सोडलीस तर मात्र सगळंच जातं.

आणि एक, बेळगावची पोरगी म्हणून जेएनएमसी मेडिकल कॉलेजात काही सवलत मिळेल असं कोणीतरी घरी सांगेलच, आमच्याकडे पण सांगितलं होतं. ते केएलई संस्थेचं डीम्ड (अभिमत) आहे, त्याच्या सीटा दिल्लीच्या एमसीसीकडनं (केंद्राच्या काउन्सेलिंग कमिटीकडनं) भरतात, गावचा असण्याचा काही संबंध नाही. बऱ्याच डीम्ड कॉलेजांची पूर्ण कोर्सची बेरीज कोटीच्या घरात जाते. बाबांना क्लासची फी जड होती म्हणतेस, तर त्या दिशेला बघूच नकोस, शेत विकून डॉक्टर झालेले मी दोन बघितलेत आणि दोघंही अजून हप्तेच फेडताहेत. तुझ्यासाठी बेळगावच्या बिम्ससारखी सरकारी, नाहीतर प्रायव्हेटमधली गव्हर्मेंट सीट, बास.

निपाणी_टू_न्यूजर्सी

मूळचा निपाणीचा, इथे वीस वर्षं झाली. धागा वाचून गंमत वाटली कारण माझ्या पुतणीचा (इथेच जन्मलेली) दोन वर्षांपूर्वी शब्दशः हाच प्रश्न होता, फक्त उत्तर उलटं. अमेरिकेत मेडिकलला आधी चार वर्षांची डिग्री लागते, एमकॅट नावाची परीक्षा असते, ५२८ पैकी, आणि डिग्रीतले मार्क पण मोजतात. तिचे ते कमी होते म्हणून तिने एक वर्षाचं मास्टर्स घेतलं, तिथे असे कोर्स खास त्याच्यासाठीच असतात, मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्याच तोडीचा अभ्यास करून दाखवायचा की बघा मला जमतंय.

पण अर्ज भरायचा जूनमधे, प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टमधे. म्हणजे मास्टर्स सुरू होण्याच्या आधीच अर्ज केला तर ज्या मार्कांसाठी एवढा खटाटोप ते अर्जात नसतातच, मागाहून कळवत बसायचं. आणि मार्क येईपर्यंत थांबलं तर मधे एक वर्ष रिकामं. ती थांबली. ते वर्ष तिने एका दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायचं काम केलं आणि नंतर एका ठिकाणी मिळालं.

हे सांगायचं कारण, नेटवर 'मास्टर्स करून मेडिकलला जा' असं जे वाचायला मिळतं ते सगळं इकडचं असतं. तिकडे बसून ते वाचून कोणी एमएस्सीला पैसे घालू नयेत. आणि इकडे येण्याचा विचार असेल तर बहुतेक मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत.

खानापूरची_मी

बाप रे एवढी उत्तरं. सगळ्यांचे खूप खूप आभार. काकू राग कशाला, उलट तुमचं वाचून आईला फोन केला आणि सांगितलं की एमएस्सी सोडत नाही, ती म्हणाली मी कधी सोड म्हटलं, मी तर फक्त स्थळं बघायची काय विचारत होते 🙈

कॉलेजमधे ७५ टक्के हजेरी लागते आणि प्रोजेक्ट पण आहे, त्यामुळे दिवसाला चार तासांपेक्षा जास्त निघत नाहीत. अजून एक, धाकट्याचं सगळं मराठीत झालंय, पीयूसीत इंग्रजीला घाबरतो, नीट मराठीत देता येते म्हणे, त्याच्यासाठी विचारतेय.

अनगोळचा_इंटर्न

देता येते पण मराठीचा पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरवरच मिळतो. बेळगाव सेंटर घेतलं तर कन्नड, हिंदी, उर्दू, इंग्रजी, पण मराठी नाही. आपल्या भागातली काही पोरं त्यासाठी कोल्हापूर सेंटर टाकतात. मराठी पेपरात बाजूला इंग्रजी पण असतं आणि भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजीतलंच धरतात. पण पीयूसी सायन्स इंग्रजीत शिकून परीक्षेत 'विद्युत अपघटन' वाचलं की डोकं गरगरतं, हे मी माझ्या रूममेटचं बघितलंय. त्याला आत्तापासून इंग्रजी एनसीईआरटीच वाचायला लाव.

चार तास पुष्कळ झाले. पेपरचं काय झालं?

खानापूरची_मी (नऊ दिवसांनी)

दिला रविवारी. हॉस्टेलच्या टेरेसवर, दोन ते पाच, मोबाइल वॉचमन काकांकडे ठेवला. लाज वाटतेय पण टाकते. बायो २४८, केमिस्ट्री ७९, फिजिक्स ३१. एकूण ३५८. फिजिक्सचे १३ बरोबर, २१ चूक, ११ सोडले.

आणि दादा तुम्ही म्हणालात तसंच झालं, ह्यूमन रिप्रॉडक्शनच्या एका प्रश्नावर मी चार मिनिटं बसले होते कारण मला तिन्ही ऑप्शन बरोबर वाटत होते.

टिळकवाडी_काकू

चार वर्षं पुस्तक न उघडता ३५८? वाईट नाही गो.

अनगोळचा_इंटर्न

लाज कसली, माझा पहिला ३०२ होता. आता आकड्याकडे बघून घाबरू पण नको आणि फुगू पण नको, मार्काला स्वतःची किंमत नसते. २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते, सुधारित निकालात ते १७ राहिले, आणि २०२५ ला पेपर असा आला की पहिला आलेलाच ६८६ वर होता. रँकच खरी.

तुझा पेपर मला असा दिसतोय. बायो २४८ वरून ३१० ला न्यायला नवीन काही शिकायचं नाहीये, फक्त एनसीईआरटी दोनदा ओळ न् ओळ वाचून जास्तीचं विसरायचंय, ते एमएस्सीसोबत होतं. केमिस्ट्रीत इनऑर्गॅनिक पाठांतराचं, बसमधे होतं. प्रश्न फिजिक्सचा. त्या २१ चुकांपुढे एकेक लिही की ही फॉर्म्युला माहीत नव्हता म्हणून, ही गणितात चुकली म्हणून, की ठोकून दिला म्हणून. ठोकलेले दहा असतील तर तेवढ्यात दहा मार्क फुकट गेलेत, ते सोडून दिले असते तर आजच ३६८ झाले असते.

माझं मत मागशील तर यंदा दे, मनापासून दे, पण यंदाच लागेल म्हणून घरी सांगू नको. एप्रिलपर्यंत मॉकमधे कुठवर पोचतेस त्यावर पुढचं वर्ष द्यायचं का ते ठरव. तेव्हा एमएस्सी हातात असेल, कुठेतरी अर्धा दिवस शिकवून स्वतःची फी स्वतः काढशील, बाबांना विचारायला लागणार नाही. काकूंच्या भाच्यात आणि तुझ्यात तो एकच फरक आहे आणि तो मोठा आहे.

निवृत्त_हेडमास्तर

स्टडी सर्टिफिकेटचे काय झाले ते लिहिले नाहीस.

खानापूरची_मी

सर गावच्या शाळेतलं मिळालं. बाई ओळखीच्याच, चहा पण पाजला. खानापूरच्या हायस्कूलमधे मात्र रजिस्टरला माझ्या आडनावात एक ए कमी निघाला, एसएसएलसी कार्डावर दोन आहेत. क्लार्क म्हणाले हेडमास्तर शुक्रवारी असतात, त्यांच्याकडे कार्डाची झेरॉक्स घेऊन ये. शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे म्हणून बाबांना पाठवतेय.

दादा २१ पैकी ठोकलेले ९ निघाले, ७ गणितात, ५ मधे काहीच कळलं नव्हतं. पुढचा पेपर रविवारी द्यायचा होता पण घरी भाताची मळणी आहे, जायला लागतंय. सोमवारी रात्री बसते आणि टाकते.